घर बदलताना ब्रॉडबँड मुदतीआधी बंद करायचे असेल तर: गोव्यातल्या भाडेकरूंसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्यात घर भाड्याने घेतले की करार बहुधा अकरा महिन्यांचा होतो. पहिल्याच आठवड्यात इंटरनेट लागते, आणि 'वर्षाचे एकदम भरलेत तर राउटर फुकट, बसवायचे पैसे नाहीत' असे कोणी सांगितले की आपण बारा महिन्यांचा प्लॅन घेऊन मोकळे होतो. त्यामुळे घर सोडायच्या वेळी इंटरनेटचा एक महिना तरी हमखास शिल्लक राहतो. मध्येच बदली झाली, घरमालकाला स्वतःला घर हवे झाले, किंवा पर्वरीला बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा मिळाला, तर पाच-सहा महिनेही राहतात.

अशा वेळी बरेच जण सामान हलवण्याच्या धांदलीत रिचार्ज करायचे सोडून देतात आणि विषय संपला असे समजतात. पोस्टपेड कनेक्शन असेल तर तो संपलेला नसतो. बिले निघत राहतात, जुन्या पत्त्यावर जात राहतात, आणि काही महिन्यांनी वसुलीवाल्याचा फोन येतो. प्रीपेड असेल तर बिल वाढत नाही, पण डिपॉझिट अडकते आणि राउटर आपल्या नावावर राहतो. हे टाळता येते. सेवा बंद होणे, पैशांचा हिशोब मिटणे आणि राउटर परत जाणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि तिन्हींचा वेगवेगळा कागद आपल्या हाती यायला हवा, एवढे धरून चाललात तर पुढचे सगळे सोपे आहे. घर सोडायच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

करार नेमका कोणाशी आहे ते पाहा

बीएसएनएल, जिओ, एअरटेल अशा मोठ्या कंपनीचे कनेक्शन असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. ॲपमध्ये ग्राहक क्रमांक असतो, बिले असतात. गोव्यात मात्र कितीतरी घरांत इंटरनेट येते ते वाड्यावरच्या केबलवाल्याकडून. केबल त्याची, दुरुस्तीला येणारा पोरगा त्याचा, पैसे त्याच्या फोनवर यूपीआयने जातात. आणि प्रत्यक्ष सेवा असते तिसऱ्याच कंपनीची. केबलवाला हा त्या कंपनीचा स्थानिक भागीदार असतो. 'तुमचे बंद केले' असे त्याने तोंडी सांगितले तरी कंपनीच्या नोंदीत तुम्ही चालू ग्राहक असू शकता.

म्हणून बिल किंवा पावती काढा आणि तीवर कंपनीचे पूर्ण नाव व जीएसटी क्रमांक बघा. गोव्यात नोंदणी असलेल्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक ३० या आकड्याने सुरू होतो. तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणीकृत नाव आणि पत्ता समोर येतो. बंद करण्याचा अर्ज त्या नावाने करायचा आणि केबलवाल्याला त्याची प्रत द्यायची. बिलच मिळत नसेल तर आजच मागा. घर सोडल्यावर ते मिळवणे फार जड जाते.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हेही पाहा. घरमालकाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल तर बंद करण्याचा अर्ज त्यांच्या सहीने लागतो.

आपण नेमके काय घेतले होते

कनेक्शन घेताना भरलेला अर्ज, स्वागताचा ईमेल आणि पहिले बिल ही तीन कागदपत्रे शोधा. त्यांत पुढच्या गोष्टी शोधायच्या: प्लॅन प्रीपेड की पोस्टपेड, किमान किती महिने ठेवण्याची अट आहे, मुदतीआधी बंद केल्यास किती आकारणी, किती दिवस आधी कळवायचे, आणि सुरुवातीला दिलेले पैसे कोणत्या नावाखाली घेतले.

हा शेवटचा मुद्दा लोक नजरेआड करतात. सुरुवातीला दिलेले दोन-अडीच हजार हे 'डिपॉझिट' असतील तर ते परत मिळतात. 'इन्स्टॉलेशन चार्ज' असतील तर गेले. 'ॲडव्हान्स रेंटल' असतील तर ते पुढच्या बिलांतून वळते झालेले असू शकतात. कनेक्शन देणाऱ्या मुलाने या तिन्हींना 'डिपॉझिट'च म्हटलेले असते, त्यामुळे पावतीवर काय छापले आहे तेच खरे धरा.

बंद करण्याआधी शिफ्टिंग विचारा

नव्या घरी तीच कंपनी पोहोचत असेल तर कनेक्शन हलवून घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. मुदतीची अट तशीच पुढे चालते आणि बंद करण्याचा दंड लागत नाही. शिफ्टिंगचे पैसे कंपनीनुसार बदलतात. ते विचारून घ्या आणि मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होणार नाही ना, हेही लेखी घ्या.

पण 'फोंड्याला आमचे कव्हरेज आहे' या वाक्यावर विसंबू नका. नव्या पत्त्याचा गुगल मॅपवरचा नेमका ठिकाणा पाठवा आणि त्या घरापर्यंत लाइन येते का ते तपासून सांगा म्हणावे. ताळगाव, पर्वरी, फातोर्डा अशा भागांतल्या नव्या इमारतींत काही ठिकाणी सोसायटीने किंवा बिल्डरने एखाद्-दुसऱ्या कंपनीलाच आत येऊ दिलेले असते. गावात उलटी अडचण असते. शेवटचा खांब शंभर-दोनशे मीटरवर, मध्ये कोणाचे तरी भाट (बागायत), आणि त्यातून केबल न्यायला भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, परवानगी हवी. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर तर फायबर आहे की नाही इथूनच चौकशी करावी लागते. स्थानिक पुरवठादार असेल तर एका तालुक्यात त्याचे जाळे असते आणि शेजारच्या तालुक्यात नसते.

'नव्या पत्त्यावर सेवा देता येत नाही' असे उत्तर आले तर ते ईमेलवर किंवा एसएमएसवर घ्या. तुम्ही कनेक्शन चालू ठेवायला तयार होता आणि कंपनीच ते देऊ शकली नाही, याचा तो पुरावा आहे. दंड माफ करा असे सांगताना याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. करारात तशी सवलत लिहिलेली नसली तरी विनंती करा आणि ग्राहक सेवेतल्या पहिल्या माणसाच्या नकारावर थांबू नका. रद्द करण्याच्या विनंत्या बघणारा विभाग बहुधा वेगळा असतो आणि सूट देण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो.

दोन-तीन महिन्यांसाठीच घर बंद राहणार असेल तर कनेक्शन तात्पुरते थांबवून ठेवता येते का ते विचारा. बीएसएनएलमध्ये याला सेफ कस्टडी म्हणतात. घरात ०८३२ चा जुना लँडलाइन क्रमांक असेल तर त्याचाही आधी विचार करा. मोबाइल क्रमांकासारखा तो एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. बँक, गॅस एजन्सी, डॉक्टर यांच्याकडे तोच दिलेला असेल तर आधी तिथे बदलून घ्या.

नवीन भाडेकरूला कनेक्शन हवे असेल तर ते रीतसर त्याच्या नावावर करून द्या, त्याच्या ओळखपत्रांसह. नुसता पासवर्ड देऊन निघून जाऊ नका. त्या लाइनवरून पुढे जे काही होईल त्याची पहिली चौकशी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे होते.

हिशोब कागदावर मांडा

वार्षिक प्लॅनचे पैसे परत मागताना वाद होतो तो हिशोबाच्या पद्धतीवर. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. वर्षाचे ७,२०० रुपये भरले, म्हणजे महिन्याला ६०० पडले. तोच प्लॅन महिन्याच्या महिन्याला घेतला असता तर ८०० होता. सात महिने वापरून घर सोडले.

तुमच्या मनातला हिशोब असा: पाच महिने उरले, पाच सहशे तीन हजार परत. कंपनीचा हिशोब बहुधा असा असतो: वर्षभर ठेवणार म्हणून सवलत दिली होती, ती आता रद्द, सात महिने ८०० च्या दराने ५,६०० झाले, परत १,६००. त्यातून 'फुकट' दिलेल्या राउटरचे किंवा इन्स्टॉलेशनचे १,५०० वजा केले की हातात शंभर रुपये. आणि काही प्लॅनांत सरळ लिहिलेले असते की वार्षिक पैसे परत मिळणार नाहीत. यांपैकी कोणती पद्धत लागू होते ते तुमच्या अटींत असते. तिथे काहीच लिहिलेले नसेल तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतावा मागा आणि आकडेमोड ईमेलमध्ये मांडून पाठवा.

पोस्टपेडमध्ये तुलना वेगळी करायची. समजा ५९९ चा प्लॅन आहे. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला साधारण ७०७ रुपये. मुदतीचे दोन महिने उरले आहेत, म्हणजे १,४१४. मुदतीआधी बंद करण्याची आकारणी १,५०० असेल तर जीएसटी धरून ती १,७७० होते. इथे दोन महिने चालू ठेवून मग बंद करणे स्वस्त आहे. त्याहून चांगले म्हणजे मधल्या काळासाठी सर्वांत लहान प्लॅनवर उतरता येते का ते विचारणे. मात्र घर सोडून कनेक्शन चालू ठेवायचे तर राउटर तुमच्या ताब्यात घ्या आणि बंद करण्याची तारीख आजच लेखी कळवून ठेवा, नाहीतर दोनाचे पाच महिने होतात.

दंडाचा आकडा करारात छापला आहे म्हणून तो दगडावरची रेघ होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नेही कलम २(४६) मध्ये, झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणारी अट अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातली आहे. असा करार अन्याय्य ठरवून घेण्यासाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि दीड हजार रुपयांसाठी ती वाट मी कोणाला सुचवणार नाही. पण ईमेलमध्ये या दोन कलमांचा उल्लेख जरूर करा.

अर्ज

फोनवर सांगून भागवू नका. ॲपमध्ये बंद करण्याची सोय असेल तर तिथून विनंती टाका, तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही करा. बीएसएनएलचे असेल तर अर्ज ग्राहक सेवा केंद्रात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. मजकूर इंग्रजीत लिहिलात तरी मुद्दे हेच ठेवा:

महोदय,
माझा ग्राहक क्रमांक ……… आहे. मी ……… येथील घर दि. ……… रोजी सोडत आहे. या क्रमांकावरील ब्रॉडबँड सेवा व तिला जोडलेला लँडलाइन क्रमांक ……… दि. ……… पासून कायमचा बंद करावा. नव्या पत्त्यावर सेवा देता येत नसल्याचे आपण दि. ……… रोजी कळवले आहे, त्यामुळे मुदतपूर्व आकारणी माफ करावी. राउटर नेण्यासाठी दि. ……… ही तारीख सोयीची आहे. अंतिम बिल, डिपॉझिट ……… रुपये व न वापरलेल्या मुदतीचे पैसे यांचा हिशोब या ईमेलवर पाठवावा. परतावा पुढील बँक खात्यात जमा करावा: ………. पुढील पत्रव्यवहारासाठी माझा नवा पत्ता: ……….

तारीख घालताना दोन गोष्टी सांभाळा. बिलाचे चक्र महिन्याच्या मध्यात सुरू होत असेल तर ते संपते त्या दिवसाची तारीख द्या, कारण काही कंपन्या अर्ध्या महिन्याचेही पूर्ण भाडे लावतात. दुसरे, राउटर न्यायचा दिवस चवथीच्या आसपास ठेवू नका. सगळे आपापल्या गावच्या घरी गेलेले असतात, तंत्रज्ञही. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर ठिकठिकाणी लाइनी तुटतात, तेव्हा दुरुस्तीच्या तक्रारींपुढे राउटर उचलायचे काम मागे पडते.

ॲपवरून आलेला विनंती क्रमांक जपून ठेवा. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मन वळवणारे फोन येतील: तीन महिने फुकट, वेग दुप्पट. घर सोडायचे पक्के असेल तर नम्रपणे नाही म्हणा, आणि बोलण्याच्या ओघात 'बरं, बघू' म्हणू नका. तेवढ्यावरून विनंती मागे घेतल्याची नोंद झालेली मी पाहिली आहे.

राउटर परत देताना

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

घरात एक किंवा दोन पेट्या असतात. फायबरची बारीक वायर ज्यात जाते ती ओएनटी. कधी त्यातच वायफाय असते, कधी वायफायचा राउटर वेगळा असतो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही त्याच कनेक्शनबरोबर आलेला असू शकतो. प्रत्येकाचा अडॅप्टर वेगळा. हे सगळे टेबलावर मांडा. प्रत्येक पेटी उलटी करा. खाली पांढरा स्टिकर असतो आणि त्यावर 'एस/एन'पुढे अनुक्रमांक. त्याचा स्पष्ट फोटो घ्या. मग पेटी सरळ करून वीज लावा आणि दिवे लागलेले दिसतील असा छोटा व्हिडिओ घ्या. पेटी चालू स्थितीत परत गेली याचा तोच पुरावा. फायबर काढून ठेवलेले असेल तर लाल दिवा लुकलुकतो. पेटी बिघडली असा त्याचा अर्थ नसतो. शेवटी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे तुमचा पासवर्ड आत राहणार नाही.

फायबरची वायर भिंतीतून ओढून काढू नका, तिचे टोक झाकून तशीच सोडा. पुढच्या भाडेकरूला ती उपयोगी पडते आणि भिंतीवरून घरमालकाशी वादही होत नाही.

गोव्यात मे-जूनच्या गडगडाटात राउटर जळणे दरवर्षीचेच आहे. तुमचा राउटर मध्ये कधी जळून बदलला असेल तर नव्या पेटीचा अनुक्रमांक कंपनीच्या नोंदीत चढला आहे का ते आत्ताच विचारा. बदलून देणाऱ्याने नोंद केलेली नसेल तर कंपनी जुन्या क्रमांकाची पेटी मागते आणि ती नाही म्हणून पैसे कापते.

न्यायला आलेल्या माणसाकडून अनुक्रमांक, तारीख, नाव आणि सही असलेली पोच घ्या. त्याच्याकडे छापील पावती नसेल तर साध्या कागदावर लिहून सही घ्या आणि त्याच्यादेखत तिचा फोटो कंपनीच्या ईमेलवर पाठवा. माझ्या शेजाऱ्यांनी पेटी ओळखीच्या पोराच्या हातात दिली, पोच घेतली नाही. त्या पोराने काम सोडले आणि चार महिन्यांनी राउटरची पूर्ण किंमत मागणारे पत्र त्यांच्या नव्या घरी आले. कोणी न्यायलाच आले नाही तर घरमालकाकडे ठेवून निघू नका. कंपनीच्या दुकानात नेऊन द्या किंवा पेटी तुमच्याबरोबर न्या आणि नवा पत्ता कळवा.

ऑटोपे

ऑटोपे बंद केल्याने कनेक्शन बंद होत नाही आणि कनेक्शन बंद केल्याने ऑटोपे आपोआप थांबतोच असे नाही. अंतिम बिल भरून झाल्यावर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून किंवा कार्डाच्या बँकेच्या पानावरून मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करा. क्रम हाच ठेवा. आधी मॅन्डेट रद्द करून अंतिम बिल थकवले तर दंडाच्या वादात तुमची बाजू लंगडी होते.

पैसे अडले तर

डिपॉझिट परतीला दूरसंचार नियामक, म्हणजे ट्रायच्या नियमांत मुदत आहे. ब्रॉडबँडच्या २००६ च्या नियमांत ती ६० दिवसांची होती; १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आणि डिपॉझिट परतीची मुदत त्यांतही घातलेली आहे. दोन महिने होऊनही पैसे आले नाहीत तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

पहिली, कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून तिचा डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, घेणे. दुसरी, कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार हे अपील ३० दिवसांच्या आत करायचे असते, त्याला शुल्क नसते आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. डॉकेट क्रमांकाशिवाय अपील उभेच राहत नाही. ट्रायकडे थेट लिहून उपयोग नाही. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय करत नाही.

त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. सरकारच्या सीपीग्राम्स संकेतस्थळावर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार टाकता येते, बीएसएनएलच्या बाबतीतही. स्थानिक पुरवठादाराकडे अपिलाची व्यवस्था नसेल तर १९१५ पासूनच सुरुवात करा. लहान रकमेची बरीच प्रकरणे या टप्प्यावर मिटतात, कारण कंपनीला लेखी उत्तर द्यावे लागते.

त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. 'टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत' असे कोणी सांगितले तर ते जुने झाले: सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या खटल्यात ग्राहकाला आयोगाचा मार्ग मोकळा असल्याचे स्पष्ट केले आहे. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे गोवा सोडून पुण्याला किंवा बेळगावला गेलेल्यांनी त्यासाठी परत यायची गरज नाही.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. तेवढा काळ अर्जाची प्रत, विनंती क्रमांक, राउटरची पोच, अंतिम बिल आणि पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद ईमेलच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि शक्य असेल तर कंपनीकडून 'या ग्राहकाकडे काही येणे नाही' असे दोन ओळींचे पत्र मागून घ्या. मागितल्याशिवाय ते सहसा कोणी पाठवत नाही.